होऊ घातलेली असेसर

निवडणुकीला उभं राहिलं की मतं मिळतील का नाही ते शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. माझ्याकडे आता इतके साठलेत की अ‍ॅरिझोनातल्या आमच्या चँडलरमध्ये कुठल्याही पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेले की कोणीतरी हातात प्लेट घेऊन जवळ सरकतं आणि म्हणतं, "वैजूताई, तो डोअरबेलवाला सांगा ना." आज म्हटलं, एकदाचे सगळेच सांगून टाकावेत.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी काउंटीच्या असेसरच्या ऑफिसात वीस-बावीस वर्षं नोकरी केली. असेसर म्हणजे काउंटीतल्या, आपल्या भाषेत जिल्ह्यातल्या, प्रत्येक घराची सरकारी किंमत ठरवणारा अधिकारी. त्या किमतीवर पुढे प्रॉपर्टी टॅक्स बसतो, आपल्या भाषेत घरपट्टी. आम्ही हाताखालचे लोक गावोगाव फिरून घरं बघायचो, पण बघायचो ती बाहेरून. छप्पर कसलं आहे, गॅरेज केवढं आहे, मागे पोहायचा पूल खणलाय का. काउंटीतली हजारो घरं मला बाहेरून पाठ आहेत, आत मी फारशी कुठेच गेलेली नाही. तर या असेसरच्या पदाची इथे चक्क निवडणूक असते, आणि रिटायर झाल्यावर मी तिला उभी राहिले.

का उभी राहिले, याचं भाषणात सांगायचं उत्तर वेगळं होतं. घरातलं उत्तर असं की माझा नवरा विलास तीन वर्षांपूर्वी रिटायर होऊन पुण्याला परत गेला. त्याला इथली शांतता सोसेना. म्हणायचा, "इथे माणसं गॅरेजमधून उगवतात आणि गॅरेजमध्येच मावळतात." मी नोकरीचं कारण सांगून मागे राहिले. मग रिटायर झाले आणि ते कारणही संपलं. तो फोनवर विचारायला लागला, कधी येतेस. मुलगा सिअ‍ॅटलला, तो म्हणायचा, "आई, डू व्हॉट मेक्स यू हॅपी," म्हणजे त्याचा काही उपयोग नाही.

मग एक दिवस मी विलासला सांगितलं की मी असेसरच्या निवडणुकीला उभी राहतेय. त्याने टर्म किती वर्षांची असते विचारलं. चार, म्हटलं. तो म्हणाला, "मग असं करू. जिंकलीस तर तू तिथे राहा, मी विषय काढणार नाही. हरलीस तर सामान बांधायचं." मी बरं म्हटलं. आपल्या संसाराचा निकाल काउंटीतल्या अनोळखी लोकांवर सोपवणारं आमच्याइतकं शहाणं जोडपं दुसरं नसेल.

*

मतपत्रिकेवर नाव यायचं तर आधी मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. मी पहिला मुहूर्त धरला तो इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याचा. शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतलेला, समोर तीनशे माणसं. आमचा सेक्रेटरी अभिजित, त्याने माइकवर जाहीर केलं की आपल्या वैजूताई इलेक्शनला उभ्या राहतायत. टाळ्या काय, शिट्ट्या काय. माझ्या टेबलासमोर ही मोठी लाइन लागली. मला भरून आलं. वाटलं, उगाच आपण म्हणत होतो इथे आपलं कोणी नाही.

पहिल्या मुलाला विचारलं, सिटिझन आहेस ना? तो म्हणाला, "नाही ताई, एच-वन व्हिसावर आहे." दुसरी म्हणाली, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. तिसरा स्टुडंट होता, चौथा आणि पाचवा त्याचे रूममेट. लाइन ओसरेपर्यंत विचारत राहिले. सगळे प्रेमाने आलेले आणि एकाचंही मत नाही. सिटिझन होते ते पलीकडे श्रीखंडाच्या लाइनीत उभे होते. मी तिथे गेले तर म्हणाले, "अगं, आपण कशाला राजकारणात पडायचं?"

लाइनीच्या शेवटी सांगलीहून लेकीकडे आलेले एक काका होते, टुरिस्ट व्हिसावर. मी थांबवायच्या आत त्यांनी सही ठोकली, खाली दोन रेघा ओढल्या आणि पत्त्यात पिनकोडसकट सांगली लिहिली. मी म्हटलं, काका, ही सही धरणार नाहीत हो. ते म्हणाले, "न धरू देत. सही मागितली आणि दिली नाही, असं आमच्या घरात झालेलं नाही."

ती सही मला खोडावीच लागली. खोडताना फार वाईट वाटलं. कामाच्या सह्या मी नंतर लायब्ररीबाहेर उन्हात उभं राहून मिळवल्या, ज्यांना माझं नावही उच्चारता येत नव्हतं अशा लोकांकडून.

*

आता दुसरा. याच अभिजितने नवं घर घेतलं आणि वास्तुशांत केली. त्याची बायको ऋचा, तिने आग्रहाने बोलावलं. मी दारात चपला काढत होते तेव्हा आतून जोरजोरात गप्पा ऐकू येत होत्या. एकजण सांगत होता की आमच्या गल्लीत परवा विकलेल्या घराला काय भाव आला, ऐकून बायको खुर्चीत बसली. दुसरा म्हणाला, आमचं तर घेतल्यापासून दुप्पट झालंय. अभिजितचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मी आत पाऊल टाकलं आणि खोलीतल्या सगळ्या घरांच्या किमती एकदम पडल्या.

एकाच्या छपराला गळती लागली. दुसऱ्याच्या पायाला तडा गेला. ज्याचं दुप्पट झालं होतं तो म्हणाला, "कसलं काय ताई, फ्रीवेचा एवढा आवाज येतो, फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही." अभिजित म्हणाला की किचन अगदीच जुनं आहे. तेवढ्यात त्याच्या सासूबाई किचनमधून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, जुनं कुठलं? सगळं तोडून नवीन केलं ना, ग्रॅनाइट बघून घ्या." त्यांना बिचाऱ्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. ऋचाने त्यांना घाईघाईने नारळ आणायला पाठवलं.

मी समजावलं की बाबांनो, मी अजून निवडून आलेली नाही, आणि आले तरी टॅक्सचा दर मी ठरवत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हळूहळू दुसऱ्या खोलीत गेले. जेवणं झाल्यावर ऋचा एकेका ग्रुपला वरचा मजला, मागचं अंगण, नवा पूल असं हौसेने दाखवत होती. मी सोफ्यावर बसून होते. कोणी मला चल म्हणालं नाही. वास्तुशांतीला जाऊन घर न बघता परत आलेली बहुतेक मी पहिलीच. निघताना मात्र ऋचाने पुरणपोळ्यांचा डबा हातात दिला. पोळ्या छान होत्या. दोन दिवस पुरल्या मला एकटीला.

*

मग दारोदार फिरणं सुरू झालं. अ‍ॅरिझोनाचा जून म्हणजे भट्टीच. सकाळी लवकर निघायचं आणि दहा वाजता परत फिरायचं. माझी अडचण वेगळीच होती. इतक्या वर्षांच्या सवयीने मी बेल वाजवायची आणि दार उघडेपर्यंत पाय आपोआप घराच्या बाजूला वळायचे. एका घरी बाईने दार उघडलं तर दारात कोणीच नाही. मी बाजूच्या फाटकावर टाचा उंचावून बघत होते की मागचा पॅटिओ, म्हणजे फरशी घातलेलं अंगण, झाकलेला आहे का उघडा. तिने विचारलं, काय हवंय? मला उमेदवाराचं भाषण आठवेना. मी म्हटलं, "तुमचा पॅटिओ आमच्या रेकॉर्डला नाही."

ते मत गेलं असं धरून चालू.

बहुतेक घरी दार उघडायचंच नाही. दाराला कॅमेऱ्याची बेल, आतली माणसं फोनवरच बघून घेतात कोण आलंय. मी बेलकडे बघून भाषण करायची, हसायची, दारात पत्रक ठेवायची आणि पुढे निघायची. एका घरी भाषण अर्ध्यावर आलं आणि बेल बोलायला लागली. घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. म्हणाला, "मी ओहायोत आहे, बहिणीकडे. पण थांबू नका, बरं वाटतंय ऐकायला."

मी भाषण पूर्ण केलं. त्याने प्रश्न विचारले. माझ्यामागे काय दिसतंय, शेजाऱ्याने ट्रक अजून रस्त्यावरच लावलाय का, लिंबाची झाडं जगली आहेत का. त्याचं नाव वॉल्टर. बहीण आजारी होती म्हणून तो गेला आणि तिथेच अडकला. झाडं पार सुकली होती. त्याने नळ कुठे आहे ते सांगितलं, मी पाइप ओढून पाणी घातलं. बेलला तिथलं दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने सांगत होते, आता डावीकडचं झालं, आता कोपऱ्यातलं. समोरची बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने मला एकटीला बोलताना बघितलं आणि रस्ता बदलला.

त्यानंतर त्या भागात गेले की मी त्याच्या झाडांना पाणी घालायची. बेल म्हणायची, "गुड मॉर्निंग, वैजू." संपूर्ण प्रचारात माझं नाव नीट उच्चारणारा तो एकटाच. पॉटलकला लोक हा किस्सा ऐकून खूप हसतात. मीही हसते. पण खरं सांगते, कितीतरी सकाळी मी घरातून निघायची ती मतांसाठी नव्हे, त्या बेलसाठी.

*

विलासचा फोन रोज दोनदा यायचा. तो पुण्यात सकाळी टेकडीवर फिरायला जातो, तिथे त्याचा सात-आठ रिटायर्ड लोकांचा ग्रुप आहे. त्यांना त्याने सांगितलं होतं की बायको अमेरिकेत घरपट्टी खात्याची मुख्य होणार आहे. झालं, एका सकाळी त्याच्याच फोनवरून कोणी देशमुख म्हणून बोलायला लागले. त्यांनी बाल्कनी बंद करून घेतली होती आणि कॉर्पोरेशनने घरपट्टी वाढवली होती. "वहिनी, तुम्ही त्या खात्यातल्या, काही करता येईल का?"

मी सांगायला हवं होतं की अहो, माझा आणि पुण्याचा काय संबंध. पण सवय वाईट. मी विचारलं, बाल्कनी तिन्ही बाजूंनी बंद आहे का दोन? सरकत्या खिडक्या का पक्की भिंत? वापर खोलीसारखा होतो का? देशमुखही रंगात आले. मागून विलास ओरडत होता की आयएसडी नसलं तरी बॅटरी जातेय माझी. अर्धा तास आम्ही बोललो. प्रचार सुरू झाल्यापासून माझ्या कामाबद्दल मनापासून प्रश्न विचारणारा पहिला मतदार मला मिळाला, तो पुण्यात.

शेवटी देशमुख म्हणाले, "वहिनी, तुम्ही इकडेच उभ्या राहा. आमची सगळी टेकडी तुमच्या मागे आहे."

फोन परत विलासकडे गेला. फोनमधून टेकडीवरचे पक्षी ऐकू येत होते आणि माझ्याकडे एसीचा आवाज होता. मला त्या वेळी त्याची फार आठवण आली, तो फोनवर असूनही. त्याला तसं सांगितलं नाही.

*

समोर कोण उभा होता तेही सांगायला हवं. सध्याचाच असेसर, गॅरी. म्हणजे कालपरवापर्यंतचा माझा बॉस. माणूस सज्जन. मी उभी राहणार हे त्याला सांगायला गेले तर म्हणाला, बरं झालं, नाहीतर मला एकट्यालाच सगळीकडे भाषणं करावी लागली असती.

एका रिटायरमेंट कम्युनिटीच्या हॉलमध्ये आमची दोघांची जाहीर चर्चा ठेवली होती. खुर्च्या मांडल्या होत्या शंभर. माणसं आली आठ, त्यातली दोन हॉलचा एसी चांगला आहे म्हणून. पहिलाच प्रश्न आला की क्लबहाउसचं सूप हल्ली इतकं खारट का असतं. गॅरी म्हणाला, "हा प्रश्न माझ्या प्रतिस्पर्धी घेतील." मी म्हटलं, सुपावर माझा आणि गॅरीचा मतभेद नाही. दुसरा प्रश्न आला की तुमच्या दोघांत फरक काय. आम्ही एकमेकांकडे बघितलं. वीस वर्षं एकाच पद्धतीने घरं मोजलेली, फरक काय सांगणार? गॅरी म्हणाला, ती कमी चुका करते. मी म्हटलं, तो चूक लवकर कबूल करतो. चर्चा संपली.

लोक गेल्यावर खुर्च्या कोणी उचलायच्या हे ठरलेलं नव्हतं, म्हणून आम्हीच घड्या घालून भिंतीला लावायला लागलो. निम्म्या झाल्यावर गॅरी एका खुर्चीवर बसला. सांगायला लागला की तो त्याच्या गल्लीत पंधरा-सोळा वर्षं राहतोय. दर उन्हाळ्यात शेजारी अंगणात बार्बेक्यू करतात, धूर त्याच्या खिडकीत येतो, पण त्याला कोणी बोलावत नाही. आला की अंगण मोजेल, अशी भीती.

मला वास्तुशांतीचा सोफा आठवला. मी त्याला विचारलं, मग परत कशाला उभा राहिलास?

तो म्हणाला, "घरी बसून तरी कोण बोलावणार आहे?"

आम्ही उरलेल्या खुर्च्या लावल्या, दिवे बंद केले आणि आपापल्या गाडीत बसून गेलो. घरी येईपर्यंत मी रेडिओही लावला नाही.

*

आता शेवटचा, जो मी पॉटलकला सांगत नाही.

विलास अमेरिकन नागरिक आहे. पुण्यात राहत असला तरी त्याची नोंद इथलीच, त्यामुळे त्याची मतपत्रिका त्याला तिकडे ईमेलने आली. पठ्ठ्याने टेकडीवर सगळ्यांना दाखवली. मग मला फोन करून म्हणाला, "दोन्ही उमेदवारांची माहिती वाचतोय. घाईने ठरवणार नाही." मी म्हटलं, वाच बाबा नीट. काही दिवसांनी म्हणाला, मत देऊन झालं. कोणाला, हे मी विचारलं नाही. खरंतर विचारायचं काय? मी हरावं यात उभ्या जगात कोणाचा फायदा असेल तर त्याचा एकट्याचा. त्याने गॅरीला दिलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता.

माझीही मतपत्रिका पोस्टाने आली. सकाळी डायनिंग टेबलवर चहा घेता घेता भरली, पाकिटावर सही केली आणि जाऊन पेटीत टाकली.

निकालाच्या संध्याकाळी अभिजित-ऋचाच्या घरी सगळे जमले. मंडळाचं अख्खं टेबल भरून खाणं होतं. ज्यांना मत नव्हतं ते सगळे आले होते, आणि त्यांच्याइतकं मनापासून त्या टीव्हीकडे कोणी बघत नसेल. आठ वाजता पहिले आकडे आले. मी बरीच मागे होते. पुन्हा आकडे आले, तेव्हा आणखी मागे. ऋचा जवळ येऊन बसली, तिचे डोळे भरले होते. तिच्या आईने सांगितलं की भात गरम आहे तोवर जेवून घ्या. मी गॅरीला फोन करून अभिनंदन केलं. तो थँक्यू म्हणाला आणि मग हळूच सॉरी म्हणाला.

फोन ठेवला आणि प्लेट न घेता मागच्या अंगणात गेले. पूल तेव्हा पहिल्यांदा बघितला. छान होता. तिथे उभी असतानाच विलासचा फोन आला. पुण्यात सकाळ होती, तो टेकडीवर जायचा थांबला होता. त्याने निकाल कॉम्प्युटरवर बघितला होता. फार वाईट वाटलं का, विचारलं. मी म्हटलं, कळत नाही अजून. सामानाचं काय करायचं, घर कधी विकायला काढायचं, यातलं तो काहीच बोलला नाही.

मग म्हणाला, "वैजू, मी मत तुलाच दिलं होतं."

मी विचारलं, "आणि मी जिंकले असते तर?"

"जिंकली असतीस तर जिंकली असतीस. तुला हवं होतं ना ते." मग मला हसवायला म्हणून त्याने आवाज जरा चढवला. "काउंटी गेली खड्ड्यात. घरची दोन मतं तर पक्की होती. एक माझं, एक तुझं."

आतून ऋचा मला जेवायला हाका मारत होती.

मी म्हटलं, "नाही रे. घरचं एकच. तुझं."